विद्यार्थ्याचा जमाखर्च

आपल्या धर्मशास्त्राने मनुष्याच्या आयुष्याचे चार आश्रम कल्पिले आणि चार पुरुषार्थ सांगितले. परंतु या दोन्ही व्यवस्था शेजारी ठेवून पाहिल्या, तर पहिल्या आश्रमाच्या वाट्याला अर्थ हा पुरुषार्थ आलेला दिसत नाही. द्रव्य मिळवावे, राखावे आणि खर्चावे ते गृहस्थाने. ब्रह्मचाऱ्याने अध्ययन करावे, गुरूची सेवा करावी आणि भिक्षेवर निर्वाह करावा, अशी ती योजना होती. आज स्थिती नेमकी उलट झाली आहे. लातूरचा, जळगावचा किंवा सावंतवाडीचा मुलगा बारावी होऊन पुण्यात पाऊल ठेवतो, तोपर्यंत घरात तेल-मीठ कोणत्या भावाने येते याची त्याला वार्ताही नसते. आणि त्या दिवसापासून खोलीचे भाडे, अनामत रक्कम, मेसचे पैसे, बसचा पास, झेरॉक्स, परीक्षेचे शुल्क, मोबाइलचे रिचार्ज आणि अवचित येणारे दुखणे या सर्वांचा तो एकटाच कारभारी होऊन बसतो. ज्या वयात शास्त्राने त्याच्या हाती द्रव्य ठेवलेच नव्हते, त्याच वयात तो द्रव्याचा पहिला व्यवहार शिकतो. तेव्हा विद्या हे ज्याचे व्रत, त्याने पैशाचा विचार करावा काय, आणि करावा तर कोणत्या बुद्धीने करावा, हा प्रश्न केवळ काटकसरीचा राहत नाही. तो धर्माचा प्रश्न होतो.

या प्रश्नाला व्यवहारात दोन उत्तरे मिळतात. "तू नुसता अभ्यास कर, पैशाचे आम्ही बघून घेऊ," असे आईबाप म्हणतात. त्या बोलण्यात माया असते यात संशय नाही, पण त्या मायेपायी बावीस वर्षांचा पदवीधर जमाखर्चाच्या बाबतीत शाळकरी पोरच राहतो. दुसरे उत्तर बाजाराचे. शिक्षण ही एक गुंतवणूक आहे, घातले त्याच्या दसपट निघाले पाहिजे, आणि जी विद्या एवढे उत्पन्न देत नाही ती घेण्यात हशील नाही, असे हा पक्ष सांगतो. पहिल्या उत्तरात द्रव्य विद्येला अस्पृश्य ठरते, आणि दुसऱ्यात विद्या द्रव्याची दासी होते. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र विचारलेलीच नाही, ती अशी की विद्यार्थ्याच्या खिशातले हे द्रव्य मुळात आहे कोणाचे? माझ्या मते या साऱ्या विवेचनाची किल्ली याच प्रश्नात आहे, आणि ज्या जुन्या भिक्षाविधीला आपण कालबाह्य म्हणून बाजूला सारले आहे, त्यात तिचे उत्तर बऱ्याच अंशी सापडते.

भिक्षेकडे आपण आज केवळ दारिद्र्याचे लक्षण म्हणून पाहतो. परंतु स्मृतिकारांनी तिला जी बंधने घातली ती लक्षपूर्वक वाचली असता त्यांच्यामागे एक सूक्ष्म अर्थविचार असल्याचे ध्यानात येते. मनूने दुसऱ्या अध्यायात तीन नियम दिले आहेत. विद्यार्थ्याने प्रयोजनापुरतीच भिक्षा गोळा करावी; ती मनात कपट न ठेवता गुरूपुढे मांडावी आणि मग जेवावे; आणि नित्य एकाच घरचे अन्न खाऊ नये. पहिल्या नियमाने गरजेची मर्यादा ठरली. दुसऱ्याने व्यवहार उघडा राहिला, कारण जे मिळाले ते सर्व कोणाच्या तरी नजरेखालून जात असे. तिसरा नियम तर विशेष मननीय आहे. कारण एकाच दात्याच्या अन्नावर पोसलेल्या विद्येला त्या दात्याची मिंधी होण्याचे भय असते, आणि अनेक घरच्या अन्नावर वाढलेला विद्यार्थी कोणा एकाचा न होता सर्वांचा होतो. गरज, निष्कपटता आणि सर्वांप्रती बांधिलकी ही या विधीची तीन अंगे होत. आणि विद्यार्थ्याचे द्रव्य त्याच्या मालकीचे नसून त्याच्या हवाली केलेले आहे, ही त्या तिहींच्या मुळाशी असलेली भूमिका होय.

महाराष्ट्रात ही परंपरा माधुकरीच्या आणि वारांच्या रूपाने विसाव्या शतकातही नांदत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे आठवड्याचे वार लावून जेवणारी मुले पुण्याच्या पेठांतून शिकली, आणि १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहासारख्या संस्थेने तशा मुलांना आधार दिला. परंतु या चित्राचे गुणगान करताना एका गोष्टीकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या उंबरठ्यांवर ही भिक्षा मिळे, ते उंबरठे एका विशिष्ट जातीतील मुलांसाठीच खुले होते. शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, अस्पृश्य मानलेल्या कुटुंबातील मुलाला त्या घरांतून अन्न मिळण्याची सोयच नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली ती हा दरवाजा उघडण्यासाठी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली, आणि साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या सर्व जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवून भिक्षेच्या ठिकाणी श्रम आणला. ते बोर्डिंग चालावे म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिले. 'कमवा आणि शिका' ही कर्मवीरांची पद्धत आज विद्यापीठांच्या योजनांत रूढ झाली आहे, आणि बागेत, ग्रंथालयात किंवा कचेरीत दोन-तीन तास राबून विद्यार्थी आपला खर्च काही अंशी भागवतात. मनूच्या विधीतील मर्म राखून त्यातील अन्याय टाकून देण्याचे हे काम होते, आणि धर्मसुधारणा म्हणतात ती याहून निराळी नसते.

गरजेच्या मर्यादेचे परमोच्च चित्र मात्र कालिदासाने रंगविले आहे. रघुवंशाच्या पाचव्या सर्गात वरतंतूचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी रघुराजाकडे येतो. गुरूने प्रथम दक्षिणा नकोच म्हटले होते. शिष्याच्या हट्टाने चिडून त्याने शिकविलेल्या चौदा विद्यांसाठी चौदा कोटी सुवर्ण मागितले. इकडे रघूने विश्वजित यज्ञात सर्वस्व दान केलेले, आणि अतिथीला अर्घ्य देण्यास त्याच्याजवळ मातीचे पात्र तेवढे उरलेले. तो कुबेरावर स्वारी करण्याचा निश्चय करतो आणि त्याच रात्री रघूच्या कोशगृहात सुवर्णाची वृष्टी होते. यानंतर जो वाद उभा राहतो तो जगाच्या वाङ्मयात दुर्मिळ म्हणावा लागेल. कारण राजा म्हणतो, हे सर्व सुवर्ण तुझे, आणि विद्यार्थी म्हणतो, चौदा कोटींवर एक नाणेही मला नको. समोर पडलेल्या राशीतून आपल्या प्रयोजनापुरते मोजून घेऊन उरलेल्याकडे पाठ फिरविणारा हा तरुण दरिद्री नव्हे आणि विरक्तही नव्हे. तो हिशेबी आहे. आपल्याला किती हवे हे त्याला निश्चित ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्याला लोभ शिवत नाही. ज्याला आपल्या गरजेची रक्कम सांगता येत नाही, त्याला कितीही दिले तरी ते थोडेच वाटणार.

आता ही तीन अंगे आजच्या विद्यार्थ्याच्या जीवनाला लावून पाहू. त्याच्या हाती येणारे द्रव्य तीन वाटांनी येते. बापाने सोयाबीन विकून किंवा आईने शिवणकाम करून पाठविलेले पैसे ही एक वाट. सरकारने किंवा एखाद्या विश्वस्त निधीने दिलेली शिष्यवृत्ती ही दुसरी. आणि शिकवण्या घेऊन, घरोघर जेवणाचे डबे पोहोचवून किंवा दुकानात उभे राहून मिळविलेली कमाई ही तिसरी. पहिल्या दोन वाटांचे द्रव्य उघडच परक्याच्या कष्टाचे आहे. तिसऱ्या वाटेचेही सर्वस्वी त्याचे नाही. कारण तो ज्या वर्गात बसतो त्याचा खर्च त्याच्या शुल्कातून भागत नसतो, आणि जे तास त्याने कमाईला दिले ते अध्ययनातून कापलेले असतात. म्हणून मालकाच्या तोऱ्याने खर्च करण्याचा अधिकार त्याला तूर्त पोहोचत नाही. तो विश्वस्त आहे, आणि विश्वस्ताचा पहिला धर्म हिशेब ठेवणे हा होय.

हा हिशेब किती बारीक असतो, हे बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची स्वाधार योजना आहे. तीत पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपयांची तरतूद केलेली असून भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० अशी तिची फोड आहे. भोजनाच्या रकमेला वर्षाच्या दिवसांनी भागले म्हणजे रोजचे सुमारे ८८ रुपये होतात. पुण्यातील साध्या मेसचा दोन वेळचा मासिक दर तीन हजारांच्या अलीकडे-पलीकडे असतो. शैक्षणिक वर्षाचे दहाच महिने धरले तरी ३०,००० रुपये तेथेच संपतात, आणि उरलेल्या २,००० रुपयांत सकाळचा चहानाश्ता आणि मेस बंद असलेली रविवारची संध्याकाळ भागवायची असते. दिवसाला हा हिशेब सात रुपयेसुद्धा भरत नाही, आणि टपरीवरचा चहा दहा रुपयांना मिळतो. सदाशिव पेठेतल्या एखाद्या बोळात, कॉट बेसिसवर घेतलेल्या चारजणांच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला हे गणित कोणी शिकवावे लागत नाही. ते त्याला पाठ असते.

मेसच्या कार्डावर तर या गणिताची सहीशिक्क्यानिशी नोंद असते. जेवणाच्या प्रत्येक वेळेला एक चौकोन आणि त्यावर मेसवाल्या काकूंची खूण. गावी जायचे असेल तर आधी सांगून खाडा लावायचा, आणि सलग दोन-तीन दिवसांहून कमी गैरहजेरी असेल तर बहुतेक ठिकाणी तो खाडा धरायचा नाही, असा रिवाज. मुले दिवाळीला जातात, लग्नकार्याला जातात, तेव्हाचे खाडे निराळे. आणि महिनाअखेरीस गावी न जाताच लावलेले खाडे निराळे. अशा दिवसांत मुलगा अभ्यासिकेत बसून राहतो, रात्री बिस्किटाच्या पुड्यावर वेळ मारून नेतो, आणि घरून फोन आला म्हणजे "जेवलो" म्हणून सांगतो. निष्कपटतेचा जो नियम स्मृतिकाराने घातला त्याचा भंग दोन प्रकारे होतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. पुस्तकांच्या नावाखाली पैसे मागवून ते दुसरीकडे उडविणारा मुलगा खोटे बोलतो, आणि पोट मारून "जेवलो" म्हणणाराही खोटेच बोलतो. पहिल्याच्या खोट्यात अपराध आहे, दुसऱ्याच्या खोट्यात करुणा आहे. परंतु परिणाम दोहोंचा सारखाच होतो, तो असा की ज्यांनी द्रव्य हवाली केले त्यांना त्याची खरी स्थिती कळत नाही. हिशेब उघडा ठेवणे म्हणजे उधळपट्टी कबूल करणे जितके, तितकेच अडचण कबूल करणेही आहे.

हिशेबाला कोणी क्षुद्र व्यावहारिक कर्म समजू नये म्हणून आपल्या संतपरंपरेतीलच एक कथा सांगण्याजोगी आहे. एकनाथ देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींपाशी शिष्य म्हणून राहत असता त्यांच्याकडे दप्तराचे काम होते. एके दिवशी जमाखर्चात एका पैची चूक आली, ती शोधण्यासाठी ते रात्रभर दिव्यापाशी बसले, आणि उत्तररात्री चूक सापडताच त्यांनी आनंदाने टाळी वाजविली. स्वामी जागे झाले आणि म्हणाले की, एका पैचा शोध लागल्याने जर इतका आनंद होतो, तर संसाराची चूक सापडल्यावर केवढा होईल. हेच चित्त आता तिकडे लाव. या कथेचा अर्थ पै तुच्छ आहे असा लावण्याचा प्रघात आहे. मला तो अपुरा वाटतो. जे चित्त पैच्या ठिकाणी ढिले पडले असते, ते परमार्थातही ढिलेच पडले असते. गुरूला शिष्याची योग्यता कळली ती हिशेबाच्या वहीवरून. पैचे मोल पैपुरतेच असते, पण तिच्यासाठी जागलेल्या अवधानाचे मोल कोणत्याही विद्येइतके मोठे आहे.

आधुनिक काळातील उदाहरण पाहिजे असेल तर १८८८ साली बॅरिस्टरीसाठी लंडनला गेलेल्या मोहनदास गांधींचे घ्यावे. आरंभी या तरुणाने साहेबी थाट करण्यासाठी एकोणीस शिलिंगांची उंच टोपी घेतली, बाँड स्ट्रीटवर दहा पौंडांचा पोशाख शिवविला, नृत्याची शिकवणी लावली आणि तीन पौंड देऊन व्हायोलिनही विकत घेतले. मात्र याच काळात पै-पैचा खर्च टिपून रोज रात्री शिल्लक जुळविल्याशिवाय झोपायचे नाही, असा त्यांचा परिपाठ होता. आणि शेवटी त्या वहीनेच त्यांना आपण काय करीत आहोत ते दाखविले. त्यांनी बिऱ्हाड बदलले, गाडीचे भाडे वाचवून पायी फिरण्यास आरंभ केला, ओटची लापशी आणि कोको घरी करून दिवसाचा भोजनखर्च सव्वा शिलिंगावर आणला, आणि हाच त्यांच्या निकराच्या अभ्यासाचा काळ ठरला. सार्वजनिक निधीतील पैशाचा चोख हिशेब देणारा पुढचा गांधी या वहीत घडला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती होणार नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीर आहे. काटकसरीचे हे गोडवे भरल्या पोटाच्या माणसाने रिकाम्या पोटाच्या विद्यार्थ्यापुढे गावेत, यात कोणता धर्म? गांधींनी थाट सोडला तेव्हा सोडण्यासाठी त्यांच्यापाशी थाट होता. ज्याच्यापाशी तो कधी नव्हताच त्याने काय सोडावे? आक्षेप यथार्थ आहे. अपरिग्रह हे व्रत आहे, आणि व्रताला स्वेच्छा लागते. लादलेल्या अभावाला अपरिग्रह म्हणणे ही अन्यायाला दिलेली सोवळी शाल होय. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले ते सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या पगारातून वाचविलेली पुंजी, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले पाच हजारांचे कर्ज एवढ्या शिदोरीवर. तेथे रात्री भूक लागली म्हणजे पापड भाजून खावेत आणि पुन्हा वाचनाला बसावे, असे दिवस त्यांनी काढले. आणि अशा स्थितीत जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता 'रुपयाचा प्रश्न'. या हकिकतीने आपला ऊर भरून येतो, पण तिच्यावरून भूक ही विद्येची जननी आहे असा सिद्धान्त काढणारा मनुष्य निर्दय तरी असला पाहिजे किंवा अविचारी तरी. त्या भुकेने प्रबंध लिहिला नाही. भुकेला न जुमानता तो लिहिला गेला, आणि न जुमानण्याचे ते सामर्थ्य नसलेले किती विद्यार्थी त्या वाटेवर खाली बसले असतील, याची नोंद कोणत्याही चरित्रात मिळत नाही.

बुद्धाने या बाबतीत घेतलेली भूमिका मला सर्वांत शहाणपणाची वाटते. अंगुत्तर निकायातील एका सुत्तात दीघजाणू नावाचा कोलिय गृहस्थ त्याच्याकडे येतो आणि म्हणतो, आम्ही मुलाबाळांत राहणारी, चंदन लावणारी, सोने-रुपे बाळगणारी माणसे. आमच्या इहलोकीच्या हिताचे काही सांगा. बुद्ध त्याला संसार सोडण्यास सांगत नाही. उद्योग कर, मिळविले ते राख, सत्संग धर, आणि आयव्यय जाणून सम रीतीने जग, असे तो सांगतो. आणि तराजू हाती धरणाऱ्याला जसे पारडे किती खाली गेले आणि किती वर आले हे तत्काळ कळते, तसे आपल्या जमाखर्चाचे ज्ञान असावे, असा दृष्टान्त देतो. त्या उपदेशात एक वाक्य उधळ्यासाठी आहे, आणि दुसरे, ज्याच्यापाशी पुष्कळ असूनही जो उपाशी माणसासारखा जगतो त्याच्यासाठी आहे. दोहोंनाही त्याने दोष दिला. उपासमारीला पुण्य न मानणारा आणि चैनीला हक्क न मानणारा हा सम मार्ग विद्यार्थ्यास विशेष लागू आहे. कारण ज्या अन्नाने बुद्धी चालते ते अन्न कापून वाचविलेले पैसे ही बचत नव्हे, तो मुद्दलातलाच खर्च आहे.

या समतोलाला आज जे धोके आहेत ते पूर्वीच्या पिढ्यांना माहीत नव्हते. मनीऑर्डरने आलेल्या नोटा ट्रंकेत ठेवून त्यातून एकेक काढणाऱ्या विद्यार्थ्याला राशी कमी होत असलेली दिसे. २०१६ साली यूपीआय आले, आणि चहापासून चप्पल शिवण्यापर्यंतचा प्रत्येक व्यवहार चौकटीवर फोन धरला की पुरा होऊ लागला. सोय मोठी झाली, परंतु द्रव्य हातातून जाताना हाताला लागत नाहीसे झाले. त्यातच, आज घ्या आणि पुढे भरा म्हणणारी मंडळी त्याच फोनमध्ये ठाण मांडून बसली आहेत. मित्राचा वाढदिवस, वर्गाची सहल, इतरांच्या तोडीचा फोन या निमित्तांनी हप्ता सुरू होतो, आणि एक हप्ता फेडण्यास दुसऱ्या ॲपवरून उचल घेतली की मग तगादे घरच्या नंबरावर जाऊ लागतात. या जाळ्याच्या मुळाशी वासना थोडी आणि लाज फार असते. "मला हे परवडत नाही" हे एक वाक्य मित्रांच्या घोळक्यात म्हणता न आल्यामुळे जितके विद्यार्थी कर्जात पडले असतील, तितके व्यसनाने पडले नसतील. म्हणूनच तरुण मंडळींनी रूढ केलेला टीटीएमएमचा, म्हणजे तुझे तू आणि माझे मी भरण्याचा शिरस्ता मला निष्प्रेम वाटत नाही. मैत्रीत उपकाराचे ओझे आणि दिखाव्याची चढाओढ या दोन्ही गोष्टी शिरू न देण्याचा तो एक सभ्य उपाय आहे. अर्थात ज्या दिवशी एखाद्याच्या खिशात खरोखरच काही नसते, त्या दिवशी हा शिरस्ता गुंडाळून त्याचे पान वाढणे हाही मैत्रीचाच धर्म होय.

राहिला कर्जाचा प्रश्न. आपल्याकडे मनुष्य ऋणे घेऊनच जन्माला येतो असे मानले आहे; देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ही तीन सर्वश्रुत आहेत, आणि शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋणाची भर घातली आहे. ऋषिऋण अध्ययनाने फिटते. याचा अर्थ असा की, ज्या कर्मासाठी आजचा विद्यार्थी बँकेचे कर्ज काढतो, तेच कर्म शास्त्राने कर्ज फेडण्याचे साधन मानले होते. हा विरोधाभास काव्यमय असला तरी बँकेला तो मान्य होणारा नाही, म्हणून आकडे पाहिलेले बरे. शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित पद्धतीत शिक्षणकाळ आणि पुढील एक वर्ष हप्ते सुरू होत नाहीत, पण रक्कम उचलल्या दिवसापासून सरळ व्याज चढत असते. दरसाल एक लाख याप्रमाणे चार वर्षे उचल केली आणि दर दहा टक्के धरला, तर पहिला हप्ता भरण्याच्या आधीच चार लाखांवर एक लाख चाळीस हजार व्याज साचते. हे समजून सही करणारा विद्यार्थी कर्जबाजारी होत नाही. तो करार करतो. न समजता सही करणारा मात्र आपल्या तिशीपर्यंतचे स्वातंत्र्य गहाण टाकतो, आणि मग आवडीचे संशोधन, गावची शाळा, अल्प वेतनाचे पण सार्थ काम यांपैकी काहीही निवडण्यास तो मोकळा राहत नाही. हिशेबाचे अंतिम प्रयोजन हेच आहे, की उद्या विद्येच्या बाबतीत निर्णय घेताना आपला हात कोणी धरलेला नसावा.

परंतु ऋण हे नेहमी दोघांचे असते. बडोदे संस्थानाशी केलेल्या करारानुसार दहा वर्षे सेवा करून शिष्यवृत्तीचे उतराई होण्यासाठी आंबेडकर १९१७ साली बडोद्यास गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही, आणि पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. ऋणको फेडीस सिद्ध होता. फेड स्वीकारण्याची लायकी समाजाच्या अंगी नव्हती. याउलट परंपरा सांगते की, तुकोबांनी कुळांकडून येणे असलेल्या खतपत्रांपैकी धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडविली. शिष्यवृत्ती देणारा समाज जर खरोखर तुकोबांचा वारस असेल, तर त्याने आपली खते अशीच बुडविली पाहिजेत, आणि विद्यार्थ्यानेही ते देणे देणाऱ्याला परत न करता पुढच्या विद्यार्थ्याकडे पोहोचते केले पाहिजे. एकाच घरचे अन्न खाऊ नये या नियमाची सांगता अशी होते. ज्याला अनेकांनी पोसले त्याने अनेकांना पोसावे.

तेव्हा विद्यार्थ्यांना माझे सांगणे थोडे आहे. रोज रात्री पाच मिनिटे काढून दिवसाचा रोजमेळ लिहा, मग तो वहीत असो की फोनमध्ये. महिन्याचे पैसे येताच भाडे आणि मेस ही दोन देणी प्रथम चुकती करा, आणि एका महिन्याची बेगमी दुखण्याखुपण्यासाठी निराळी ठेवा. पोट कापू नका, हप्त्यावर हौस करू नका, परवडत नसेल तर तसे मोकळेपणाने म्हणा, आणि घरी खरे सांगा. कमी असले तरी त्यातून थोडे दुसऱ्या कोणासाठी काढा, कारण दात्याची बुद्धी संपत्ती आल्यावर आपोआप येते हा भ्रम आहे. आणि वडीलधाऱ्यांना, संस्थांना व सरकारला सांगणे त्याहून थोडे आहे. जून-जुलैत भाडे व मेस भरावी लागते, आणि शिष्यवृत्ती पुष्कळदा वर्ष सरता सरता खात्यावर जमा होते. मधले महिने मुलगा उसनवारीवर आणि खाड्यांवर काढतो. विश्वस्ताकडून पै-पैचा हिशेब मागण्याचा अधिकार त्यालाच आहे, ज्याने ऐवज वेळेवर त्याच्या हवाली केला. त्या दृष्टीने आजची वही उघडली तर थकबाकी विद्यार्थ्याच्या नावावर थोडी आणि समाजाच्या नावावर फार निघते. ती आधी चुकती झाली पाहिजे.